गुण आला, हे कशावरून?

मराठीत औषधाला 'गुण येतो'. या दोन शब्दांत रुग्णाचा दिलासा, वैद्याचा लौकिक आणि परंपरेवरील विश्वास असे सगळे एकवटलेले असते; मात्र औषध घेतल्यानंतर बरे वाटले की औषधामुळे बरे वाटले, हा भेद त्यात उमटत नाही. पोटातील जंतांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. गोल जंत, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा आणि लहान मुलांच्या आतड्यात वारंवार आढळणारा कृमी, साधारण एक ते दोन वर्षे जगतो आणि त्यानंतर आपोआप मरून बाहेर पडतो. त्याच आठवड्यात मुलाला एखादे चूर्ण दिलेले असले, की सगळे श्रेय त्या चूर्णाच्या पदरात पडते. जंतावरील पारंपरिक औषधांचा विचार करताना या योगायोगाला वगळून उरणारा गुण किती, हे शोधावे लागते, आणि त्या शोधालाच वैद्यकात 'पुरावा' म्हणतात.

हा शोध चिनी वैद्यकाच्या संदर्भात गेल्या शतकात विशेष चिकाटीने झाला आणि त्यातील एका वनस्पतीने २०१५ सालच्या नोबेल पारितोषिकापर्यंत मजल मारली. मराठी वाचकासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. चिनी वैद्यांनी जंतावर वापरलेली मधुमालती मराठी अंगणात फुलते, लाल भोपळा मराठी स्वयंपाकघरात शिजतो, सुपारी प्रत्येक मंगलकार्यात ठेवली जाते, आणि हिवतापावर मात करणारी चिनी वनस्पती चैत्रात जोतिबाला वाहिल्या जाणाऱ्या दवण्याच्या प्रजातीतील, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्याचे भावंड आहे. त्यामुळे चिनी औषधाच्या पुराव्याची चर्चा ही आपल्या घरच्या औषधांच्या पुराव्याचीही चर्चा ठरते.

दोन कृमींच्या मधले गाव

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचे बिडकीन आज नव्या औद्योगिक क्षेत्रासाठी ओळखले जाते. ७,८५५ एकरांचे हे क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. कृमिशास्त्राच्या, म्हणजे परोपजीवी कृमींच्या अभ्यासाच्या, नकाशावर मात्र या टापूची ओळख जुनी आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पट्टकृमींच्या वर्गीकरणाची एक परंपराच उभी राहिली. पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा, खंडाखंडांचा बनलेला कृमी. या परंपरेतून १९८० साली 'सेंगा औरंगाबादेन्सिस' आणि १९८१ साली 'सेंगा पैठणेन्सिस' अशा, गोड्या पाण्यातील माशांच्या आतड्यात राहणाऱ्या, दोन जातींची नोंद झाली. एका कृमीचे नाव औरंगाबादवरून पडले, दुसऱ्याचे पैठणवरून. बिडकीन या दोन नावांच्या मधल्या रस्त्यावर आहे.

हे कृमी माशांचे असून माणसाला त्यांचा उपद्रव नाही. तरीही त्यांची नावे एक धडा देतात. बोलीभाषेत ज्याला सरसकट 'जंत' म्हटले जाते, ते वस्तुतः परस्परांहून अत्यंत भिन्न असे प्राणी असतात. गोल जंताची अंडी मातीतून हातावाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाची त्वचा भेदून आत शिरते, आणि मोठा झालेला कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. चाबूककृमी आपले बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतवून बसतो. तर पट्टकृमी अर्धेकच्च्या मांसातून येतो. एकाला मारणारे औषध दुसऱ्याला स्पर्शही करत नाही, असे अनेकदा घडते.

म्हणून कोणत्याही जंतनाशक औषधाला चार प्रश्न विचारावे लागतात. ते कोणत्या कृमीवर? कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, किती मात्रेत? कशाशी तुलना करून? आणि शरीराला कोणती किंमत मोजायला लावून? या प्रश्नांची उत्तरे मोजणीतून येतात, आणि ती मोजणी दिसायला अगदी साधी असते. 'काटो-काट्झ' या पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा एका छिद्र असलेल्या पट्टीने नेमकी मोजून काचपट्टीवर घेतात, ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनच्या तुकड्याने झाकून दाबतात, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात आणि त्या आकड्याला २४ ने गुणतात, की एका ग्रॅममागे किती अंडी हे कळते. औषधापूर्वी आणि औषधानंतर ही मोजणी केली की दोन आकडे हाती येतात: किती रुग्णांची अंडी पूर्ण नाहीशी झाली, आणि सर्व रुग्णांतील अंडी सरासरीने किती टक्क्यांनी घटली. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

अंगणातली वेल

मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे गडद लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग एकत्र दिसतात. लिनियसने तिला दिलेल्या 'क्विस्क्वालिस' या प्रजातिनामाचा लॅटिन अर्थ 'कोण? कसा?' असा होतो. अलीकडच्या वर्गीकरणात तिला 'कॉम्ब्रेटम इंडिकम' म्हणतात. पाच कंगोऱ्यांचे, दोन्ही टोकांना निमुळते असे तिचे फळ पिकल्यावर काळपट होते आणि आतल्या गराची चव खोबऱ्यासारखी लागते. फिलिपिन्समधील तिच्या 'नियोग-नियोगन' या नावात 'नियोग' म्हणजे नारळच.

चीनमध्ये या फळाला 'शिजुन्झी' म्हणतात. दहाव्या शतकात, सोंग राजवटीच्या आरंभी सिद्ध झालेल्या औषधिग्रंथात त्याची नोंद आली, आणि मुलांवर ते वापरणाऱ्या गुओ शीजुन नावाच्या वैद्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. आजही चीनच्या अधिकृत औषधसंहितेत, म्हणजे औषधांची ओळख, शुद्धता आणि मात्रा ठरवून देणाऱ्या शासकीय ग्रंथात, त्याला स्थान आहे: भाजलेल्या बिया मुलाच्या वयाच्या दर वर्षामागे एक ते दीड अशा हिशेबाने चावून खाव्यात, दिवसाला २० पेक्षा जास्त नकोत, आणि सोबत कडक चहा घेऊ नये. मात्रा ओलांडली तर उचक्या लागतात, हे निरीक्षणही परंपरेने जपले आहे. फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने मान्यता दिलेल्या दहा वनौषधींतही ही वेल आहे. तेथे प्रौढांनी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी ८ ते १० बिया चावून खाव्यात आणि जंत पडले नाहीत तर आठवड्याने पुन्हा घ्याव्यात असे सांगितले जाते.

या परंपरेमागे रसायन आहे काय, या प्रश्नाचे उत्तर १९७५ साली जपानी संशोधकांनी दिले. बियांतून त्यांनी एक अमायनो आम्ल वेगळे केले आणि वेलीच्या नावावरून त्याला क्विस्क्वालिक आम्ल असे नाव मिळाले. मज्जापेशींचे संदेश वाहणाऱ्या ग्लुटामेट या द्रव्याची ते नक्कल करते आणि ग्रहणकेंद्रांना अतिरेकी चेतना देते. जंताचे स्नायू त्यामुळे ताळतंत्र सोडतात, आतड्याच्या भिंतीला रेटून जागा टिकवणे त्याला जमत नाही, आणि तो मलाबरोबर बाहेर पडतो. हेच द्रव्य थेट उंदराच्या मेंदूत टोचले तर तेथील पेशी मरतात, म्हणून पुढे जंतापेक्षा मेंदूच्या संशोधनातच त्याचा अधिक वापर झाला.

चार प्रश्न लावले तर शिजुन्झीचे चित्र असे उभे राहते: कृमी ठाऊक आहे, तो प्रामुख्याने गोल जंत, भाग आणि मात्रा ठरलेली आहे, शरीराला होणारा त्रासही नोंदलेला आहे, परंतु तिसऱ्या प्रश्नापाशी, म्हणजे मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन आधुनिक गोळीशी केलेल्या काटेकोर तुलनेपाशी, हा पुरावा दुबळा पडतो. शिवाय भारतात शोभेसाठी लावलेल्या मधुमालतीला फळ क्वचितच धरते. अंगणात वेल आहे म्हणून औषध हाताशी आहे, असा निष्कर्ष त्यामुळे निघत नाही.

भोपळ्याची बी आणि सुपारी

पट्टकृमीवर चिनी परंपरेने योजलेली जोडी मराठी घराला आणखी जवळची आहे. आधी लाल भोपळ्याच्या बिया खायच्या, दोनेक तासांनी सुपारीचा काढा घ्यायचा आणि शेवटी रेचक, असा हा क्रम. भोपळ्याच्या बीत कुकुर्बिटिन नावाचे अमायनो आम्ल असते, सुपारीत अरेकोलिन नावाचे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त तीव्र वनस्पतिद्रव्य. दोन्ही मिळून कृमीला लुळा करतात आणि त्याची आतड्यावरील पकड सुटते. अरेकोलिनचा हा गुण पशुवैद्यकालाही ठाऊक होता. कुत्र्यांतील पट्टकृमी शोधण्यासाठी ते देऊन कुत्र्यांचे पोट साफ करण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी वापरली गेली.

सिचुआन प्रांताच्या वायव्य भागात या जोडीची वस्तीपातळीवर तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पट्टकृमीचा संशय असलेल्या ११५ जणांना हे औषध दिले असता सुमारे ७९ टक्के लोकांच्या पोटातून कृमी किंवा त्याचे तुकडे पडले. येथे निष्क्रिय औषध दिलेला तुलनागट नाही, ही उणीव खरी; पण लेखाच्या आरंभी मांडलेला योगायोगाचा आक्षेप येथे तितकासा लागू पडत नाही. गोल जंत वर्ष-दोन वर्षांत मरतोच, पट्टकृमी मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडून असतो, आणि असा कृमी औषधानंतर काही तासांत बाहेर पडला तर ते श्रेय औषधालाच द्यावे लागते. पुराव्याची काटेकोरता रोगाच्या स्वभावानुसार ठरते, हा मुद्दा या उदाहरणातून स्पष्ट होतो.

चौथा प्रश्न मात्र येथे जड जातो. औषध घेणाऱ्यांत मळमळ आणि चक्कर सर्रास आढळली. सुपारी कर्करोगकारक आहे, असे कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात घालून स्पष्ट केले आहे. एकदा घेतलेला काढा आणि रोज चघळलेली सुपारी यांत अंतर असले, तरी 'सुपारीने जंत पडतात' हे वाक्य रोजच्या सवयीचे समर्थन म्हणून वापरले जाण्याचा धोका महाराष्ट्रात उघड आहे. शिवाय डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि त्यातून फिट येतात. ही अंडी दूषित हातांतून आणि भाजीतून येत असल्याने शाकाहारी माणूसही त्यातून सुटत नाही. अशा रुग्णाला घरगुती उपायावर विसंबून चालत नाही, कारण पट्टकृमीवरील आधुनिक औषधे देतानासुद्धा मेंदूत गाठी आहेत काय, याचा विचार डॉक्टरांना करावा लागतो.

छिंगहाओ: पूर्ण उतरलेली कसोटी

चारही प्रश्नांची उत्तरे ज्या चिनी औषधाने दिली, ते कृमीवरचे नाही, तर हिवतापाच्या एकपेशीय परोपजीवीवरचे आहे. २३ मे १९६७ रोजी चीनने हिवतापावरील औषधाच्या शोधासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू केला आणि त्या तारखेवरून तो 'प्रकल्प ५२३' म्हणून ओळखला गेला. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील तू यूयू यांच्याकडे वनौषधींच्या शोधाची जबाबदारी आली. त्यांच्या चमूने दोन हजारांहून अधिक पारंपरिक योग गोळा केले, त्यातील ६४० निवडले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी चालत होता, कधी चालत नव्हता.

या कोड्याचे उत्तर चौथ्या शतकातील गे हाँग या वैद्याच्या तातडीच्या उपचारांवरील पुस्तकात सापडले. तेथे वनस्पती उकळायला सांगितलेली नव्हती. मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून त्याचा रस प्यावा असे सांगितले होते. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असे यावरून तू यूयू यांनी ताडले आणि साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या ईथरने कमी तापमानात अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील परोपजीवी पूर्णपणे नाहीसे केले, पुढे माकडांतही तेच दिसले. १९७२ साली तू यूयू आणि सहकाऱ्यांनी सुरक्षिततेची खात्री करण्यासाठी प्रथम स्वतःवर हा अर्क घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यातील शुद्ध स्फटिक वेगळे झाले. आर्टेमिसिनिन ते हेच. त्याच्या रेणूतील प्राणवायूच्या दोन अणूंचा पूल परोपजीवीच्या पोटातील लोहाशी भिडताच तुटतो आणि त्यातून निर्माण झालेले विध्वंसक कण परोपजीवीला मारतात.

शोध येथे संपला असता तर ती फक्त एक सुंदर कथा ठरली असती. खरा निवाडा पुढे झाला. आर्टेमिसिनिनपासून बनवलेल्या आर्टेसुनेट या इंजेक्शनची क्विनाइनशी तुलना भारतासह बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातील १,४६१ गंभीर रुग्णांत करण्यात आली. कोणाला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात क्विनाइन घेतलेल्यांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के रुग्ण दगावले. दर शंभर गंभीर रुग्णांमागे सात जीव अधिक वाचले, हे त्या आकड्यांचे साधे मराठी. गडचिरोलीच्या जंगलात आजही हिवतापाशी लढणाऱ्या महाराष्ट्राला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या यशातून निघणारा धडा मात्र अनेकदा उलटा घेतला जातो. छिंगहाओचा चहा पिऊन हिवताप बरा होतो, असा प्रचार जगात ठिकठिकाणी झाला. कांगोमध्ये या चहाची क्विनाइनशी तुलना केली असता ताप आणि परोपजीवी सुरुवातीला हटले, पण पुढच्या काही आठवड्यांत बहुसंख्य रुग्णांत ते परतले. कमी आणि अनिश्चित मात्रा परोपजीवीला मारत नाही, उलट त्याला औषध पचवायला शिकवते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना या वनस्पतीच्या चहाची शिफारस करत नाही आणि शुद्ध औषधसुद्धा दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यायला सांगते. परंपरेने वनस्पती दाखवली आणि ती उकळू नये हेही सुचवले. पण प्राण वाचवले ते मोजलेल्या मात्रेने.

घरची औषधे, घरचा पुरावा

आपल्याकडची यादीही लहान नाही. वावडिंगाचे पाणी तान्ह्या बाळांना दिले जाते. पळसपापडी, म्हणजे पळसाच्या चपट्या शेंगेतील बी, जंतावर उगाळून देतात. किरमाणी ओवा दवण्याच्याच प्रजातीतला असून त्यातील सँटोनिन हे द्रव्य १८३० सालीच वेगळे करण्यात आले होते. सँटोनिन गोल जंतावर खरोखर चालले आणि जगभर वापरले गेले, मात्र ते घेतल्यावर रुग्णाला सगळे पिवळे दिसू लागे, आणि अधिक सुरक्षित औषधे येताच ते मागे पडले. साध्या ओव्यातील थायमॉल विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीवरील प्रमुख औषध होते. अमेरिकेतील रॉकफेलर मोहिमेने ते मोठ्या प्रमाणावर वापरले. स्वयंपाकघरातील डब्यातून जागतिक मोहिमेपर्यंत पोहोचलेले हे द्रव्यही विषारीपणामुळेच पुढे वापरातून गेले.

या औषधांची तपासणी भारतात झालीच नाही, असा समज चुकीचा आहे. १९१९ पासून पुढची काही वर्षे के. एस. म्हसकर आणि जे. एफ. कायस यांनी मद्रास इलाख्यातील अंकुशकृमी चौकशीच्या निमित्ताने जंतनाशकांचे रासायनिक घटक आणि त्यांचा प्रत्यक्ष गुण यांचा संबंध तपासणारी लेखमाला भारतीय वैद्यक संशोधनाच्या नियतकालिकात लिहिली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बी. डी. बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाची १९३० च्या दशकातील सुधारित आवृत्ती वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅटर यांच्यासह याच दोघांनी सिद्ध केली. वनस्पतीचे नाव, तिची परंपरा आणि तिची परीक्षा ही तिन्ही एकाच हाताने लिहिण्याची ही शिस्त पुढे हवी तशी टिकली नाही.

आज फार्मसीच्या अभ्यासात वनस्पतींच्या जंतनाशक गुणाची जी चाचणी सर्वाधिक केली जाते, तिच्यात गांडुळे वापरतात. गांडूळ गोल जंतासारखे दिसते आणि सहज मिळते, म्हणून ते अर्कात सोडतात, ते लुळे पडायला आणि मरायला किती मिनिटे लागली हे मोजतात आणि ती मिनिटे पिपरॅझिन या औषधाशी ताडून पाहतात. ही चाचणी विद्यार्थ्याला पद्धत शिकवण्यापुरती ठीक आहे; परंतु गांडूळ परोपजीवी नाही, काचेची बशी म्हणजे आतडे नाही, आणि तीव्र द्रावणात कोणताही मऊ जीव मरतोच. अशा निष्कर्षांच्या आधारे पाकिटावर 'शास्त्रशुद्ध जंतनाशक' असे छापणे म्हणजे पहिल्या पायरीला शिखर म्हणणे होय.

वावडिंगाला चार प्रश्न विचारले तर दुसऱ्याच प्रश्नापाशी अडते. ग्रंथोक्त वनस्पती 'एम्बेलिया रायबिस' असली, तरी बाजारात तिच्या नावाखाली तिच्या भावंड जातीची आणि इतर वनस्पतींची फळेही विकली जातात, आणि त्यांतील एम्बेलिन या मुख्य द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. एम्बेलिनचा प्रजननक्षमतेवर परिणाम होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसल्यामुळे गर्भवतीने ते घेण्याबाबत सावधगिरी हवी. पळसपापडीतील पॅलॅसोनिन हे द्रव्य तर कातडीवर फोड आणणाऱ्या भुंग्याच्या कँथरिडिन या विषाचे जवळचे नातेवाईक आहे. जंताला ते जाचक ठरते यात नवल नाही, पण मुलाच्या मूत्रपिंडालाही ते जाचक ठरू शकते, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. नैसर्गिक असणे हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

गोळीचीही परीक्षा

न्याय एकाला एक आणि दुसऱ्याला वेगळा असू नये. शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी २ ते १९ वर्षांच्या मुलांना दिली जाणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, आणि एक ते दोन वर्षांच्या बाळांना दिली जाणारी अर्धी गोळी, याच चार प्रश्नांना सामोरी जायला हवी, आणि ती गेली आहे. एका मात्रेत ती गोल जंत सुमारे ९५ टक्के, अंकुशकृमी सुमारे ८० टक्के, परंतु चाबूककृमी केवळ ३० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत पूर्ण नाहीसा करते. म्हणजे गोळीही सर्व जंतांवर सारखी चालत नाही. फरक एवढाच, की तिचे अपयशही मोजलेले आणि जाहीर आहे.

सामूहिक मोहिमेच्या परिणामांबाबतही हाच प्रामाणिकपणा दिसतो. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांचा समावेश असलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी दिलेल्या या गोळीने बालमृत्यू किंवा वजन यांत लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. दुसरीकडे केनियातील शाळांच्या अभ्यासात मुलांची हजेरी वाढल्याचे दिसले. तज्ज्ञांतील हा वाद अद्याप मिटलेला नाही. पोटात जंत असलेल्या मुलाला गोळी द्यावी, याबद्दल मात्र दुमत नाही; ती स्वस्त आहे, एका मात्रेची आहे आणि तिचे त्रास बहुधा किरकोळ व तात्पुरते असतात.

तिसरे सूत्र

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींची चिकित्सा तीन सूत्रांत सांगितली आहे. पहिले अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे. दुसरे प्रकृतिविघात, म्हणजे कृमी ज्यात वाढतात ती शरीरातील अनुकूल स्थिती मोडणे. आणि तिसरे निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने कृमी होतात ते कारणच टाळणे. या लेखात चर्चिलेली सर्व जंतनाशक औषधे, मधुमालतीच्या बीपासून अल्बेंडाझोलपर्यंत, पहिल्या सूत्रात बसतात. काढलेला जंत मातीतून पुन्हा येतो, तेव्हा प्रश्न उरतो तो तिसऱ्या सूत्राचा.

आणि तिसऱ्या सूत्राला बिडकीनसारखे गाव हेच खरे कसोटीचे ठिकाण आहे. एका बाजूला अनवाणी पायांची, ओल्या मातीत काम करणारी शेती. दुसऱ्या बाजूला नवे कारखाने, त्यांच्यासाठी येणारे मजूर आणि वाढत्या वस्तीची सांडपाण्याची, शौचालयांची, पिण्याच्या पाण्याची गरज. पायात चप्पल, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात, वापरात असलेले शौचालय, मैल्याच्या पाण्यावर न पिकवलेली भाजी आणि धुतलेली कोथिंबीर या गोष्टींना चीनचा किंवा भारताचा असा कोणताही शिक्का नाही. अंडे मातीत पडलेच नाही, तर ते पोटात जात नाही. त्याला वावडिंगही लागत नाही आणि गोळीही लागत नाही.

परंपरेविषयीचा आदर आणि पुराव्याचा आग्रह यांत भांडण लावण्याचे कारण नाही. गे हाँगची ओळ सोळा शतके जपली गेली म्हणून तू यूयू यांना वाट सापडली, आणि तू यूयू यांनी ती ओळ तपासली म्हणून लाखोंचे प्राण वाचले. तोच मान वावडिंगाला आणि पळसपापडीलाही मिळायला हवा: ओळख पटवलेली वनस्पती, ठरवलेली मात्रा, विष्ठेच्या तपासणीने निश्चित केलेले रुग्ण, गोळीशी थेट तुलना, आणि निकाल काहीही लागला तरी तो जाहीर करण्याचे धैर्य. कृमींच्या ओळखीची परंपरा असलेले विद्यापीठ, १९५६ पासून चालणारे आणि सर्वांच्या तोंडी 'घाटी' म्हणून असलेले वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर असलेली बिडकीनसारखी गावे, एवढी सामग्री या कामाला पुरेशी आहे.

तोवर वाचकासाठी निष्कर्ष सरळ आहे. जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळी मुलाने चावून खावी. वजन घटत असेल, रक्त कमी असेल किंवा फिट आली असेल तर घरगुती उपायात दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे. मधुमालती अंगणात फुलू द्यावी, तिची किंवा पळसाची बी मुलाच्या तोंडात घालू नये. आणि औषधाला गुण आला की नाही, हे ऐकीव आठवणीवर न सोडता विष्ठेच्या तपासणीवर सोपवावे.